जमीन खरेदीपूर्वी माती व पाणी तपासून घ्या

जमीन घेताना आपण सात-बारा पाहतो, फेरफार पाहतो, वाटेचा हक्क विचारतो. पण त्या मातीत आणि विहिरीत काय मुरले आहे, हे क्वचितच पाहिले जाते. दोन वर्षांपूर्वी एक शेतकरी आमच्याकडे मातीचा नमुना घेऊन आले. मुलाच्या नावे गुंतवणूक म्हणून त्यांनी कारखान्यालगतची दीड एकर जमीन स्वस्तात घेतली होती. भुईमूग उगवला आणि आठ दिवसांत करपला. नमुना आला तो खरेदीखतानंतर!

बिछडी गावचा धडा

राजस्थानात उदयपूरजवळील बिछडी येथे १९८० नंतरच्या दशकाअखेरीस रंगधंद्यास लागणारे एच-आम्ल तयार होऊ लागले. उत्पादन थोडाच काळ चालले, पण विषारी गाळ उघड्यावर पडून राहिला. पावसाच्या पाण्याबरोबर विष जमिनीत झिरपले. विहिरींचे पाणी काळसर झाले. ते माणसांना, जनावरांना व पिकांनाही निरुपयोगी ठरले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफाईच्या खर्चाची जबाबदारी कारखानदारांवर टाकली. तरीही वसुलीचा वाद २०११ पर्यंत न्यायालयात होता. म्हणजे निकाल बाजूने लागला तरी बिघडलेली जमीन लगेच हाती येत नाही.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

१) पूर्वीचा वापर : गाव नमुना बारामधील मागील दहा वर्षांच्या पीक नोंदी पाहाव्यात. चांगली जमीन वारंवार पडीक दिसल्यास कारण विचारावे. मळीचे सांडपाणी, बॅटरी फोडणे, कातडी कमावणे, कचरा किंवा राख टाकणे असे काही तेथे झाले होते का, हे शेजारच्या शेतकऱ्यांकडून जाणून घ्यावे.

२) शिवारफेरी : पांढरा थर, तेलकट तवंग, उग्र वास, शेंड्याकडून वाळणारी झाडे पाहावीत. जनावरे विहिरीचे पाणी टाळतात का, हेही पाहावे.

३) मातीचा नमुना : ०-३०, ३०-६० व ६०-९० सें.मी. खोलीचे नमुने वेगवेगळे घ्यावेत, कारण वरचा थर नांगरून किंवा भर टाकून झाकता येतो. सामू ६.५ ते ७.५ असावा. १:२.५ द्रावणातील विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असावी.

४) पाण्याचा नमुना : पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून, त्याच पाण्याने बाटली विसळून एक लिटर पाणी घ्यावे. विद्युत वाहकता २.२५ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा किंवा अवशिष्ट सोडियम कार्बोनेट २.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरपेक्षा जास्त असल्यास ते पाणी सिंचनास घेऊ नये.

५) जड धातू : नेहमीच्या माती परीक्षणात शिसे, कॅडमियम, क्रोमियम कळत नाहीत. शंका असल्यास त्यांची तपासणी स्वतंत्रपणे मागावी. हे धातू कुजत नाहीत व शेणखताने नष्टही होत नाहीत.

इसारपावतीतील अट

माती-पाण्याचा अहवाल समाधानकारक आल्यावरच उरलेली रक्कम देण्याची अट इसारपावतीत लिहून घ्यावी. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, सहज न दिसणारा पण स्वतःला माहीत असलेला मोठा दोष विक्रेत्याने सांगणे बंधनकारक आहे. मात्र तो त्यास माहीत होता, हे सिद्ध करण्याची पाळी आपल्यावर येते. म्हणून खबरदारी आधीच घ्यावी.

स्वतःच्या जमिनीची काळजी

जमीन भाड्याने देताना तिचा वापर करारात स्पष्ट लिहावा. थोड्या पैशासाठी टँकरचे सांडपाणी किंवा कारखान्याचा गाळ रानात टाकू देऊ नये. भाडे वर्षभर मिळेल, विष मात्र मुलांच्या वाट्याला येईल. असा प्रकार आढळल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी.

तपासणीचा खर्च जमिनीच्या किमतीपुढे नगण्य आहे. तेव्हा सौदा ठरविताना वकिलाइतकेच महत्त्व प्रयोगशाळेलाही द्यावे.