दुकान गेले, वास्तू राहिली

वऱ्हाडचा कापूस एके काळी विलायतेच्या बाजारात ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाई. हे नाव आपल्या उमरावतीवरून पडले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले; तिकडील कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची निकड भासली. येथून कच्चा माल जाई व तिकडून तयार कापड येई.

असे कापड विकणाऱ्या मोठ्या दुकानांपैकी ‘व्हाइटअवे, लेडलॉ आणि कंपनी’ हे एक होय. ही कंपनी १८८२ साली कलकत्त्यास स्थापन झाली. कपडे, जोडे, गृहोपयोगी सामान असे सर्व काही तेथे एकाच छपराखाली मिळे. मात्र व्यवहार रोखीचा, उधारी नाही. मुंबईस हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, तिचे भव्य दुकान होते.

पुढे कंपनीचा कारभार आटोपला. वास्तू मात्र राहिली. तेथेच १९५४ पासून खादी भांडार चालू लागले. जेथे विलायती कापडाची मांडणी होई, तेथे हातसुताचे ठाण उलगडू लागले! इतिहासाचा असा पालट क्वचितच एका छताखाली पाहावयास मिळतो.

परंतु कथा येथे संपत नाही. अस्सल खादीखेरीज अन्य माल विकल्याच्या आरोपावरून खादी आयोगाने २०२२ साली त्या संस्थेचे प्रमाणपत्र रद्द केले. जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी मुंबईत १९९५ पासून नियम आहेत. त्यांमुळे दगडी भिंती सहसा कोणास पाडता येत नाहीत. पण भिंतीआडच्या व्यवहारावरील लोकांचा विश्वास कोणता नियम राखील? तो चालविणाऱ्यांनीच राखावयाचा असतो.

विद्यार्थिमित्रहो, वास्तू रिकामी राहिली की ढासळते. योग्य कामी लागली की टिकते. आपल्या अमरावती-अकोल्याकडेही जुनी दुकाने व कापसाचे जुने जिन आहेत. सुटीत वडीलधाऱ्यांसह एखादे पाहून या. ते कोणी बांधले, तेथे काय चाले, ते का थांबले, हे विचारून टिपून ठेवा. त्या जागी वाचनालय शोभेल की उद्योगशाळा, याचाही विचार करा. ज्या वास्तूची हकीकत गावास ठाऊक असते, ती पाडताना हात सहसा थबकतो, असे आम्हांस वाटते.