फिल्टर काढू नकोस

कोल्हापूर, रविवार

चि. निखिल यास,


काल आक्काचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "निखिलच्या गाडीत कसलासा दिवा सारखा लागतोय. एक मेकॅनिक तो भागच काढून टाकतो म्हणतोय." तिला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं, आणि रात्री झोप लागली नाही. आतली जाळी फोडायची, रिकामा डबा वेल्डिंग करून परत बसवायचा आणि सॉफ्टवेअर बदलून दिवा बंद करायचा, असंच ना? फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" करतोस, म्हणून लिहितोय. फिल्टर काढू नकोस.

गाडी घेण्याआधी मी विचारलं होतं, रोजचं रनिंग किती? वाकड ते हिंजवडी. एवढ्याशा अंतराला, त्या ट्रॅफिकमध्ये, डिझेल कशाला? पण तुझं मन त्या गाडीवर बसलं होतं, दाजींनीही होकार दिला, मग माझं कोण ऐकतंय!

तुझी गाडी मुळात खराब नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि डिझेल गाड्यांना हा फिल्टर लागला. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते. धूर तिच्या भिंतींतून गाळला जाऊन बाहेर पडतो, काजळी आत राहते. ती जाळायला सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते. म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मधूनमधून जादा डिझेल मारून उष्णता वाढवतो. त्याला पंधरा-वीस मिनिटं गाडी सलग पळती लागते. तुझं इंजिन धड तापायच्या आत ऑफिस येतं, तू चावी फिरवतोस आणि जळण अर्धवट राहतं. संध्याकाळी परत तेच.

आणि ते जादा डिझेल कुठं जातं? थोडंथोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांची गाडी अशीच घर ते दवाखाना एवढीच फिरायची. डिपस्टिक ओढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर! ऑइल कधी आपोआप वाढतं का रे? बोटावर घेतलं तर पाण्यागत पातळ, आणि वास सरळ डिझेलचा. अशा ऑइलवर टर्बो किती दिवस काढणार? उद्या सकाळी गाडी सपाट जागेवर, गार असताना बघ. ऑइल वर आलं असेल तर आधी ते बदल, मगच गाडी हायवेला काढ. ऑइल पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं, कमी राखेचं घाल. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती जाळीतच साठते.

दिवा नुसता लागलेला असेल तर तळेगावच्या अंगाला जा. साठाच्या वर स्पीड, गिअर एक खालचा, वीसेक मिनिटं न थांबता. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडी ओढत नसेल तर असलं काही करू नकोस, सरळ सर्व्हिस सेंटरला ने. ते स्कॅनर लावून जागेवर काजळी जाळतात. तेवढ्यानं भागलं नाही तर फिल्टर उतरवून साफही करता येतो. इथून पुढं ऑफिसच्या दारात आयडलिंग वाढलेलं दिसलं, गरम वास आला, तर गाडी लगेच बंद न करता एक चक्कर मारून ये. आणि तेव्हा वाळक्या गवतावर उभी करू नकोस, खालचा भाग भयंकर तापलेला असतो.

पण फिल्टर काढू नकोस. कायद्यात बसत नाही म्हणून सांगतोच आहे, पण खरं कारण ते नाही. उद्यमनगरात मी इंजिनांच्या डिझेल पंपाची कामं करायचो तेव्हा ट्रकमालक म्हणायचे, "काळा धूर निघाला पाहिजे, तरच गाडीत दम." आम्ही डिझेलचा स्क्रू वाढवून द्यायचो. गाडी चढाला जोरात निघायची, मालक खूश, वर चहा पाजायचा. त्या धुरामागं सायकलवरून शाळेला जाणारी पोरं असायची. तेव्हा वय विशीचं, कुणी काही सांगितलं नाही. 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातला. ते वाचलं त्या दिवशी मला ती पोरं आठवली. अजून आठवतात.

तुझ्या पार्किंगमध्ये सकाळी तुझी चिऊ दप्तर घेऊन डिकीच्या मागंच उभी असते. मी बघितलंय. सायलेन्सर बरोबर तिच्या गुडघ्याशी येतो. फिल्टर काढल्यावर डोळ्यांना धूर दिसेलच असं नाही, पण ते बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. म्हणून एवढा चिडलोय रे.

रागानं लिहिलं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस. ऑफिस, हप्ते, आईचं औषधपाणी, सगळं एकट्यानं ओढतोस, मला माहीत आहे. दुरुस्तीला पैसे कमी पडले तर दुसऱ्या कुणाकडे मागू नकोस. आणि ही गाडी झेपत नाही असं वाटलं तर विकून पेट्रोलची घे. त्यात कमीपणा नाही. दाजींशी मी बोलतो.

जमलं तर येत्या शनिवारी तिघं इकडेच या. मामीनं चिऊसाठी परकर-पोलकं शिवून ठेवलंय. दिवाळीपर्यंत थांबलात तर तिला आखूड होईल.

तुझा,
सदामामा