मागणीपत्र, निविदा आणि बारदान

खरेदी म्हणजे केवळ पैसे देऊन वस्तू आणणे नव्हे. एखाद्या संस्थेच्या गरजेचे लेखी वर्णन करणे, ती गरज भागवू शकणारा पुरवठादार शोधणे, अटी ठरविणे, माल तपासून घेणे आणि मगच देयक चुकते करणे, ही सर्व साखळी म्हणजे खरेदी होय. साखळीच्या प्रत्येक कडीशी एकेक कागद जोडलेला असतो. पहिला कागद मागणीपत्राचा. काय हवे, किती हवे, केव्हा व कोठे हवे, हे त्यात असते. त्यानंतर निविदा सूचना निघते, दर येतात, त्यांचा तुलनात्मक तक्ता होतो आणि पुरवठा आदेश दिला जातो. बोली लावणाऱ्याने मध्येच माघार घेऊ नये म्हणून बयाणा रक्कम घेतात. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत ती मालाच्या अंदाजित किंमतीच्या 2 ते 5 टक्के सांगितली आहे.

परंतु निविदा न काढताही मोठी खरेदी होऊ शकते, आणि तिचे ठळक उदाहरण कोलकात्यात आहे. हुगळीकाठी, रिश्रा येथे 1855 मध्ये तागाची पहिली गिरणी उभी राहिली. आज सरकारी धान्यखरेदीसाठी लागणारी तागाची पोती, म्हणजे आपल्या आडत्याच्या भाषेतले बारदान, मुख्यतः याच परिसरातून येते. धान्यासारख्या वस्तू तागाच्या पोत्यांत भरण्याची सक्ती सरकारला 1987 च्या कायद्यान्वये करता येते. 2016 पर्यंत ही पोती पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयामार्फत घेतली जात. ते काम त्या वर्षी कोलकात्याच्या ताग आयुक्तांकडे आले. महासंचालनालय पुढे 31 ऑक्टोबर 2017 रोजी बंदच झाले.

येथे गिरण्या दरासाठी एकमेकींशी स्पर्धा करीत नाहीत. दर सरकार ठरविते, राज्यांच्या संस्था मागणी नोंदवितात आणि आयुक्त प्रत्येक गिरणीला उत्पादन व पुरवठ्याचा आदेश देतात. स्पर्धा नसल्याने ही पद्धत महाग पडते, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. तथापि गव्हाचा वा धानाचा हंगाम कोणासाठी थांबत नाही. भंडारा-गोंदियाच्या केंद्रावर बारदान संपले की मापही थांबते आणि शेतकऱ्याचे धान उघड्यावर पडून राहते. अशा वेळी वेळेवर पुरवठा हीच मोठी काटकसर ठरते, असे आम्हांस वाटते.

मात्र दराची स्पर्धा नसेल तेथे विनिर्देश आणि तपासणी यांवर सारी भिस्त राहते. 50 किलो धान्याच्या प्रमाणित पोत्याचे वजन 580 ग्रॅम असते. 500 पोत्यांचा एक गठ्ठा, म्हणजे 290 किलो. तराजूवर 290 भरले की झाले, असे कोणालाही वाटेल. पण ताग हवेतील ओलावा भरपूर शोषून घेतो. आषाढातल्या कोलकात्यात भरलेला गठ्ठा पंजाबच्या उन्हाळ्यात तेवढाच भरणार नाही. म्हणून वजन प्रत्यक्ष न धरता, ओलाव्याचे एक ठराविक प्रमाण गृहीत धरून काढावे लागते.

उदाहरणार्थ, समजा करारात कोरड्या तागाच्या 20 टक्के ओलावा धरला आहे आणि आलेल्या गठ्ठ्यात तो 30 टक्के आहे. 290 किलो भागिले 1.30 केले असता कोरडा ताग सुमारे 223 किलो येतो. त्यावर 20 टक्के ओलावा चढविला की वजन सुमारे 268 किलो होते. तूट 22 किलोंची. म्हणजे सुमारे 38 पोत्यांइतक्या तागाऐवजी खरेदीदाराने पाणी विकत घेतले! पोती मोजली तर मात्र ती 500 च भरतील; प्रत्येक पोते थोडे विरळ निघेल, एवढेच. हमालाच्या आकड्याखाली किंवा थप्पीच्या भाराखाली असे पोते फाटते, आणि नुकसान धान्याचे होते.

म्हणूनच तपासणी प्रमाणपत्रात केवळ नग आणि वजन न लिहिता ओलावा मोजल्याची नोंद असावी लागते. चाचणीच्या कामाची या शहराला जुनी परंपराही आहे. अलीपूरचे राष्ट्रीय चाचणीगृह 1912 पासूनचे आहे. लेखापालाने बीजक हाती घेतल्यावर ते पुरवठा आदेश, तपासणी प्रमाणपत्र आणि माल पोचल्याची पावती या तिन्हींशी ताडून पाहावे. एकही आकडा जुळत नसेल, तर खुलासा येईपर्यंत देयक रोखून धरावे.