संगणकातल्या नोंदींवरून मालाची मागणी कशी ठरवावी?

प्रश्न : आमचं औषधांचं घाऊक दुकान आहे. बिलं संगणकावर होतात, पण माल किती मागवायचा हे अजून अंदाजानेच ठरतं. या नोंदींचा उपयोग कसा करावा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी वर्षभराच्या विक्रीची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने काढा. बहुतेक दुकानांत थोड्याच मालावर मोठी उलाढाल होते. त्या औषधांचा साठा रोज तपासा. बाकीच्यांचा आठवड्याने पाहिला तरी चालेल.

मग फेरमागणीची पातळी ठरवा : रोजचा सरासरी खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक राखीव साठा. रोज २० पाकिटं खपतात, माल ५ दिवसांनी येतो आणि राखीव ४० धरली, तर शिल्लक १४० वर येताच मागणी नोंदवा. पावसाळ्यात तापाच्या औषधांसाठी वार्षिक सरासरी न धरता गेल्या जुलै-ऑगस्टचा खप धरा. मुदत संपत आलेल्या बॅचचा अहवालही नियमित काढा.

अचानक आलेली साथ किंवा एखाद्या डॉक्टरांनी बदललेलं औषध जुन्या नोंदींत दिसत नाही. तिथे तुमचा अनुभवच कामी येतो. आवक-जावक मात्र त्याच दिवशी चढवा, नाहीतर हिशेब बरोबर असूनही निर्णय चुकेल.