घरातील फोन : कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची?

सोनईपासून शिंगणापूर फार दूर नाही. तेथील घरांना दारांऐवजी केवळ चौकटी असतात, आणि जानेवारी 2011 मध्ये युको बँकेने तेथे उघडलेली शाखाही कुलपावाचूनच सुरू झाली, हे सर्वश्रुत आहे. त्या उघड्या चौकटींमागे श्रद्धा तर आहेच. पण गावात येणारा-जाणारा चारचौघांच्या दृष्टीस पडतो, हेही कारण असावे. फोनची गोष्ट निराळी आहे. त्या चौकटीतून आत कोण आले, हे शेजाऱ्यास तर नाहीच, परंतु त्याच खोलीत बसलेल्या आईसही कळत नाही. तेव्हा तेथे कुलूप हवे, याविषयी पालकसभांत दुमत नसते. मात्र ते कोणी घालावे व किल्ली कोणाजवळ ठेवावी, याचा विचार क्वचितच होतो.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासासाठी फोन लागेल हे पालकांस आपणच सांगितले. ‘दीक्षा’वरील पाठ व पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड यांमुळे तो फोन पुढेही मुलांच्या हाती राहिला. तो सुरक्षित कसा ठेवावा, हे सांगणे म्हणूनच शिक्षकाच्या कामाबाहेरचे नाही.

बहुतेक घरांत घडते ते असे : वडिलांना फोनमधील व्यवस्था अवगत नसते, म्हणून ते चौथी-पाचवीतील मुलासच हाक मारतात व “हे लॉक लावून दे” म्हणतात. कुलूप लागते; परंतु किल्ली ज्याच्यासाठी कुलूप, त्याच्याच खिशात जाते. दुसरा प्रकार म्हणजे पालक फोन गुरुजींच्या हाती देतात. गुरुजी सद्भावनेने क्रमांक घालून देतात आणि दहा-वीस घरांच्या किल्ल्यांचे धनी होतात. ज्या फोनमध्ये उसाचे वा दुधाचे पैसे जमा होतात, त्याचा गुप्त क्रमांक शिक्षकाने कदापि जवळ बाळगू नये. कृती दाखवावी, आकडे घालताना मान फिरवावी.

येथे चार निरनिराळ्या किल्ल्यांचा घोटाळा होतो. पहिली पडद्याच्या कुलपाची. दुसरी गूगल खात्याच्या पासवर्डची. तिसरी प्ले स्टोअरमधील पालक-नियंत्रणाच्या चार अंकी पिनची. चौथी यूपीआय पिनची. सोयीसाठी शक्य तेथे एकच आकडा ठेवण्याकडे कल असतो, आणि दुकानातून साखर आणावयास पाठविताना मुलास यूपीआय पिन सांगितला की त्याच्या हाती इतर किल्ल्याही येतात. यूपीआय लाइटमधून लहान रकमा पिनवाचूनच जातात, हेही पालकांच्या ध्यानात आणून द्यावे. जन्मसाल, दुचाकीचा क्रमांक, 1234 हे आकडे टाळावेत. मुलाच्या बोटाचा ठसा पालकांच्या फोनमध्ये नोंदवू नये. आणि निजलेल्या पित्याचे बोट लावूनही फोन उघडता येतो, हे मुलांना आपल्याआधीच माहीत असते.

सभेत प्रथम प्ले स्टोअर उघडवावे. वरील कोपऱ्यातील चित्रावर बोट ठेवून सेटिंग्ज, तेथे कुटुंब, त्यात पालक नियंत्रणे. मग पिन घालून वयोमर्यादा निवडावी. याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. फोनमध्ये आधीच असलेली अ‍ॅप्स किंवा यूट्यूब व ब्राउझर यांवर त्याचा अंमल चालत नाही. शिवाय प्ले स्टोअरचा साठविलेला डेटा पुसला असता हा पिनही जातो. पालक पिन विसरल्यास हाच उपाय आहे. हुशार मुलास पळवाटही तीच. म्हणून पडद्याचे कुलूप पालकांचे नसेल, तर आतील कुलपाची मातब्बरी नाही.

घरात एकच फोन असेल, तर ‘अ‍ॅप पिन करणे’ ही सोय फार उपयोगाची. पाठ लावून तो पडद्यावर खिळविला आणि बाहेर पडण्यास क्रमांक मागण्याची खूण केली, म्हणजे मूल दुसरीकडे जाऊ शकत नाही. मुलाकडे स्वतंत्र फोन असल्यास ‘फॅमिली लिंक’ने पालकांच्या फोनवरून वेळेची मर्यादा व नव्या अ‍ॅपची परवानगी ठरविता येते. ऊसतोडणीच्या हंगामात आईवडील दूर कोपीवर आणि मूल आजीजवळ, अशा घरांना हे विशेष सोयीचे आहे. अशा मुलाचा फोन काढून घ्या, असे मात्र सांगू नये. आईचा आवाज त्याला त्यातूनच ऐकू येतो.

किल्ली विसरण्याचे भय खरे आहे. पडद्याचा क्रमांक व खात्याचा पासवर्ड दोन्ही हरवले, तर फोन पूर्ववत पुसूनही तो जुने खाते मागतो व अडून बसतो. दोन्ही वहीत लिहून ती वही घरातील कागदपत्रांच्या पेटीत ठेवावी. बँकेचा पिन मात्र तेथे लिहू नये. ज्या मातांना मराठी अंक येतात पण कळपाटीवरील इंग्रजी अंक अडखळवितात, त्यांना आधी फळ्यावर शून्य ते नऊ गिरवू द्यावेत. त्यात कमीपणा मानू नये.

कुलूप चोरून लावू नये. मुलास समोर बसवून काय बंद केले व का, हे सांगावे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 मध्ये सायंकाळी सातच्या भोंग्यावर दीड तास दूरदर्शनसंच व फोन बंद ठेवण्याचा ठराव झाला. त्या प्रयोगाचे मर्म असे वाटते की, नियम मोठ्यांनाही लागू होता. मुलाचा फोन नऊला बंद आणि वडिलांचा अकरापर्यंत चालू, हे मुलास पटविणे अवघड आहे.

फसवणूक होऊन पैसे गेल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे; मूल संकटात असल्यास 1098. हे दोन्ही क्रमांक सभेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. निमंत्रणाच्या चिठ्ठीत, फोन चार्ज करून व चष्मा घेऊन यावे, आणि शक्य तेथे आईनेच यावे, असे नमूद करावे.