स्वस्त रोलचा हिशेब

फिल्मवर फोटो काढायला लागलेली तरुण मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, सगळ्यात स्वस्त रोल कुठला?" मी उलट विचारतो, "तो धुऊन कोण देणार?" हा प्रश्न मला पुतण्याच्या साखरपुड्याने शिकवला.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ५०० आयएसओचा रंगीत रोल नेहमीच्या रोलपेक्षा बराच कमी किमतीत मिळत होता. 'कोणत्याही लॅबमध्ये धुऊन मिळेल' असं वर्णनात स्वच्छ लिहिलेलं. साखरपुड्याचे फोटो त्यावर काढले. लॅबवाल्याने डबीबाहेर आलेलं फिल्मचं टोक उलटून पाहिलं. पाठ काळीकुट्ट होती. "हा सिनेमाचा रोल आहे, माझ्या मशीनमध्ये घालणार नाही," म्हणून त्याने तो परत दिला.

त्याचं बरोबर होतं. सिनेमाची फिल्म मोठ्या रिळांतून कापून साध्या डब्यांत भरून विकतात. तिच्या पाठीवर कार्बनचा काळा थर असतो आणि तिची धुलाई ईसीएन-२ या वेगळ्या पद्धतीने होते. आपल्याकडच्या लॅब सी-४१ पद्धतीने धुतात. तो थर मशीनमध्ये सुटला तर रसायनं खराब होतात आणि मागून येणाऱ्या गिऱ्हाइकांचे रोलही डागाळतात. कोडॅकने आता हा थर नसलेली फिल्म काढायला सुरुवात केली आहे, पण सुट्या डबीत कोणती भरली आहे ते बाहेरून कळत नाही. शेवटी एका मित्राने घरी सोड्याच्या पाण्यात थर काढून रोल धुऊन दिला. त्यातही दिवसा अंगणात काढलेले फोटो निळसर आले, कारण ही ५००-टी फिल्म पिवळ्या दिव्यांसाठी बनवलेली असते. उन्हात तिला ८५ नंबरचा नारिंगी फिल्टर लावावा लागतो आणि आयएसओ ३२० धरावा लागतो. रोलवर वाचवलेले पैसे धुलाईच्या खटपटीत केव्हाच संपले.

एकेकाळी उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्समध्ये 'इंदू' हे कृष्णधवल रोल बनत. तो कारखाना बंद पडला. आता रोल परदेशातून येतो, म्हणून फार स्वस्त दिसला की आधी डबी नीट वाचा. 'सी-४१' लिहिलंय का, मुदत कधीची, आणि आपला लॅबवाला तो घेईल का, हे विचारून मगच पैसे द्या. रोजच्या रंगीत फोटोंसाठी कोडॅकचे कलरप्लस २०० किंवा गोल्ड २०० पुरेसे आहेत. पावसाळ्यात आणि घरात ४०० आयएसओ बरा. कृष्णधवलमध्ये केंटमिअर आणि चेक प्रजासत्ताकातली फोमापॅन परवडतात. फोमापॅन ४०० मात्र मी २०० धरूनच वापरतो, नाहीतर सावल्या कोऱ्या येतात. कृष्णधवलची धुलाई वेगळी, तेव्हा लॅबवाल्याला तेही विचारा.

आता सेटिंग. रंगीत निगेटिव्ह एक-दोन स्टॉप जास्त प्रकाश सहज पचवते, कमी प्रकाश मात्र तिला सोसत नाही. अंधारलेल्या भागात मातकट ग्रेन उरतो. म्हणून शंका आली की प्रकाश वाढवा. स्लाइड फिल्मला हा नियम लावू नका, तिथे जास्त प्रकाशाने चेहरे पांढरे पडतात.

भर उन्हात एफ-१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याजवळचं, हा जुना नियम. २०० आयएसओला शटर १/२५० वर ठेवून मी त्यात एक स्टॉप उदारपणे वाढवतो: कडक उन्हात एफ-११, पातळ ढग असतील तर एफ-८, झाकोळ असेल तर एफ-५.६, आषाढातल्या दाट आभाळाखाली एफ-४. वाड्याच्या ओसरीत शटर १/६० आणि एफ-५.६. पन्नास एमएमची लेन्स हातात धरून १/६० च्या खाली जाऊ नका, फोटो हलतो. एवढं पाठ असलं की मीटर बंद पडला तरी अडत नाही.

मीटर चालू असला तरी त्याचं सगळंच ऐकू नये. समोर जे दिसेल ते मध्यम करडं आहे असं धरून तो हिशेब करतो. वारीत पांढऱ्या टोप्या आणि सदरे समोर आले की तो प्रकाश कमी करायला सांगतो आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी त्याच उन्हात स्वतःच्या तळहातावर मीटर लावा आणि एक स्टॉप वाढवा. आजोबांच्या कॅमेऱ्यात पूर्वी पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल असेल, तर आजचा १.५ व्होल्टचा सेल घातल्यावर मीटर चुकीचं सांगू शकतो. मोबाइलमधल्या मीटर अ‍ॅपशी ताडून पाहा.

कोकणातल्या दमट हवेत रोल हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तासभर डबा उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं. विमानप्रवासात रोल हातातल्या पिशवीत ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा. सीटी स्कॅनरने फिल्म धुरकट होते.

नवा ब्रँड घेतलात तर पहिला रोल घरातल्या माणसांवर, गल्लीतल्या दुकानांवर, गच्चीवरच्या वाळवणावर संपवा. प्रत्येक फोटोचं अ‍ॅपर्चर आणि शटर वहीत लिहा आणि निगेटिव्ह आल्यावर वही उघडून बसा. रोल आवडला तर तोच वर्षभर वापरा, कारण रोज बदलणाऱ्या रोलचा स्वभाव कधीच कळत नाही. आणि साखरपुडा, बारसं, मुंज अशा कार्याला न वापरलेला रोल कितीही स्वस्त मिळाला तरी कॅमेऱ्यात घालू नका.