दाराबाहेर थांबलेल्या मुलास

मिरज, उपवासकाळ

चि. बाळास,

 

फोनवर पश्चात्तापाचा किंवा तुझ्या दादाचा विषय निघाला की तू ‘बघू आत्या’ म्हणतोस आणि बोलणं फवारणीकडं वळवतोस, म्हणून लिहायला बसले. परवाचं तुझं बोलणं डोक्यातून जात नाही. तू म्हणालास, दर रविवारी पापकबुलीला उभं राहून तेच तेच म्हणायचं, हे आता तोंडदेखलं वाटतं. माझा बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, संजीवन सभेत रडून प्रभूला जीवन दिलं. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाचा रुपया बुडवला नाही, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. मग आता रोज कसला पश्चात्ताप करायचा? आणि त्याच दमात सांगितलंस, दादाचं नाव माझ्यापुढं काढू नकोस.

तुला या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. मला त्या एकच दिसतात.

आधी तुझी बाजू मांडते, म्हणजे आत्या दादाची वकिली करतेय असं वाटायचं नाही. दादा पुण्याला गेला तो त्यानंतर पाहुण्यासारखाच घरी आला. बापाच्या आजारपणात मिरजेच्या खेपा तू घातल्यास. अग्रणी कोरडी, विहिरीनं तळ गाठलेला, अशा दिवसांत टँकरचं पाणी घालून बाग जगवली ती तू आणि तुझ्या बायकोनं. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी कवठे महांकाळच्या शिवारात आलं, जमिनीला भाव चढला, आणि मग त्याला वाटणी आठवली. यातलं एक अक्षर खोटं नाही. चार माणसांत बसून विचारलंस तर चौघंही तुझ्याच बाजूनं बोलतील.

पण बाळा, तू मला जे ऐकवलंस ते लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या थोरल्या भावाचं गाऱ्हाणं आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर आपण इतकी प्रवचनं ऐकली, की सगळं लक्ष डुकरांच्या शेंगांवर आणि बापानं दिलेल्या अंगठीवर जातं, थोरला राहूनच जातो. थोरला शेतावरून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, चाकराला विचारतो आणि दाराबाहेरच थांबतो. बापाला तो काय सुनावतो बघ. इतकी वर्षं राबलो, तुमची एक आज्ञा मोडली नाही, आणि मला साधं करडू मिळालं नाही. बोलताना धाकट्याला तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, बापाचा मुलगा म्हणतो. तूही परवा ‘दादा’ म्हणाला नाहीस. ‘तुझा लाडका भाचा’ म्हणालास.

त्या दाखल्यात बाप दोनदा घराबाहेर पडतो. धाकट्यासाठी तो धावत गेला, आणि पोरानं पाठ करून आणलेली कबुली पुरती होण्याआधीच त्यानं झगा आणायला सांगितला. थोरल्यासाठी तो भरल्या पंगतीतून उठून बाहेर आला. थोरल्यानं कसलीच कबुली दिलेली नव्हती, उलट तो भांडत होता, तरी बाप त्याची मनधरणी करतो. कृपा अशी आपल्या आधी निघालेली असते. आपला पश्चात्ताप ही तिची किंमत नव्हे. ती आपल्यापर्यंत येऊन उभी राहिली आहे हे दिसलं, की माणूस वळतो. थोरल्याला ती दिसत नाही, कारण त्याच्या लेखी तो बापाच्या घरी मजुरी करतोय आणि मजुरी थकलेली आहे. त्याला कुणी उधळ्या म्हणणार नाही, चोर म्हणणार नाही. पण पंगत घरात बसलेली असताना तो बाहेर अंधारात आहे. पुढं तो आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही.

नाताळात मी तुझ्या घरीच होते. दादा, तुझी वहिनी आणि लेकरं दुपारची आली. तू सोप्यात बेदाण्याच्या पट्ट्या चाळत बसला होतास. मान वर केलीस, पाहिलंस आणि परत खाली घातलीस. वहिनीनं करंज्यांचा डबा फळीवर ठेवला. तुझ्या बायकोनं चहाचं आधण ठेवलं, तर तू आत जाऊन गॅस बंद केलास. मोठ्यानं एक शब्द बोलला नाहीस. दादाचा धाकटा ‘काका’ म्हणत गुडघ्याशी आला, त्याला हातानं बाजूला केलंस. हलकेच केलंस, पण केलंस. ती माणसं चहा न घेता उठली. आणि नव्या वर्षाच्या उपासनेत तू प्रभुभोजन घेतलंस.

हे मी तुला खाली बघायला लावण्यासाठी लिहीत नाही. पापकबुलीत सांगायला काही उरलं नाही असं तू म्हणालास, म्हणून दाखवलं. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनं सांगितलंय, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी भावाकडं जा. मत्तयाचा पाचवा अध्याय काढून नीट वाच. चूक कुणाची, हे प्रभू तिथं विचारत नाही.

तू द्राक्षवाला माणूस. योहानाचा पंधरावा अध्याय तुला माझ्यापेक्षा चांगला कळायला हवा. आता माल उतरला, एप्रिलात खरड छाटणी घेशील. ज्या काड्यांनी यंदा घड दिले त्याच तू ओलांड्यावर एखादा डोळा राखून कापून टाकशील. परगावचा माणूस ती उघडी बाग बघून हळहळतो. मग ऐन उन्हात नव्या काडीच्या डोळ्याच्या आत घड धरतो, बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीआधी काडी तपासायला पाठवतोस, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली कळतं कितव्या डोळ्यात घड आहे, आणि तेवढं राखून तू दुसऱ्यांदा कात्री चालवतोस. वर्षातून दोनदा. ‘मागच्या साली छाटलीय की’ असं तू कधी म्हणाला नाहीस. छाटणी चुकली की नुसता पाला माजतो, हे तुला ठाऊक आहे. येशूनं स्वतःला वेल आणि पित्याला माळी म्हटलं, तेव्हा फळ न देणारा फाटा काढून टाकतात हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. फळ देणाऱ्या फाट्यालाही माळी साफ करतो, अधिक फळ यावं म्हणून, हे तिथंच पुढं आहे. तेव्हा कात्री लागतेय म्हणजे तू वाळलास असं नाही. आणि तुझी थॉमसन डॉगरिजच्या खुंटावर बांधलेली आहे. दुष्काळ आणि खारं पाणी सोसतो तो खुंट, घड लागतात वरच्या काडीला. टँकरच्या दिवसांत तुम्हाला ज्यानं तगवलं त्याला विसरून, सोसलं ते मीच, असं काडीनं म्हणावं तसं तुझं झालंय.

तू बाप्तिस्म्याचं बोललास म्हणून पंडिता रमाबाईंचं सांगते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला, लहानग्या मनोरमेसह. पुढं अमेरिकेचा दौरा, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखावरचं इंग्रजी पुस्तक, 1889 मध्ये मुंबईत शारदासदन. विधवांसाठी जन्म वाहिलेल्या या बाईला पश्चात्तापाची काय गरज, असं कुणीही म्हटलं असतं. पण त्यांनीच पुढं आपल्या साक्षीत लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं लागली. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस कित्येक वर्षं पाळकपण करत होता, आणि स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करता करता त्याचं परिवर्तन झालं. रमाबाई विद्वान. धर्मग्रंथ तोलून-मापून, पटवून घेऊन त्या ख्रिस्ती झाल्या होत्या. पापी म्हणून रित्या हातानं देवापुढं जायचं मात्र राहून गेलं होतं. त्या तशा गेल्या, आणि मग जे काम उभं राहिलं ते तू केडगावला जाऊन बघितलंस. ज्या बायकांना समाज दारात उभं करत नव्हता त्यांच्यासाठी तिथं त्यांनी जे घर बांधलं, त्याला नाव दिलं कृपासदन.

त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनमध्ये जागृती झाली, तिचा मी पुष्कळदा विचार करते. प्रार्थनेला बसलेल्या मुली रडत आपापली पापं कबूल करू लागल्या. या कोण मुली? दुष्काळातून उचलून आणलेल्या, विधवा म्हणून टाकलेल्या, उपाशी मरता मरता वाचलेल्या. हिशेब मांडायचा तर जगच त्यांचं देणं लागत होतं. तरी त्या आपलं पाप बोलल्या, आणि त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळं खोटा ठरला नाही. तुला वाटतं, मी दादापुढं चुकलो म्हटलं की त्याचं सगळं बरोबर ठरेल. तसं होत नाही रे. त्याचं त्याच्यापाशी राहतं.

मला तुझा स्वभाव माहीत आहे. एकदा पटलं की दुसऱ्या टोकाला जाशील आणि स्वतःला कुरतडत बसशील. तेही नको. मार्टिन लूथर मठात होता तेव्हा तासन्‌तास कबुलीजबाब देत बसायचा आणि तरी मन निवायचं नाही, काही राहिलं तर नाही ना या धास्तीनं. देवाला शांत करायला तो रडत होता. पश्चात्तापानं इतका जेरीस आलेला हा माणूस पश्चात्तापच टाकून देईल असं वाटावं. पण 1517 मध्ये त्यानं पंच्याण्णव सिद्धांत मांडले, त्यांतला पहिलाच असा की ख्रिस्तानं पश्चात्ताप करा म्हटलं ते विश्वास ठेवणाऱ्याच्या सबंध आयुष्याबद्दल म्हटलं. कृपा उमगत गेली तसा त्याचा पश्चात्ताप कमी झाला नाही, त्यातली भीती गेली. कृपेवाचून पश्चात्ताप केलास तर खंगशील. पश्चात्तापावाचून कृपा कृपा म्हणत राहिलास तर नाताळात झालं तेच पुन्हा होईल.

घरात लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आहे, ते सवडीनं वाच. त्यांच्या यजमानांचा, कवी टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या वर्षांत त्या बाईचं सोवळं कसकसं सुटत गेलं आणि टिळकांचा तापटपणा बाप्तिस्म्यानंतरही कसा घरात नांदत होता, हे तिनं काही न झाकता लिहिलंय. मोठी माणसंही एका दिवसात बदलत नाहीत हे वाचून धीर येतो.

आता करायचं काय ते सांगते. रात्री झोपताना दिवसातली एक गोष्ट नाव घेऊन देवाला सांग. ‘कळत नकळत काही चुकलं असल्यास’ असं मोघम नको, त्यात कुणालाच काही लागत नाही. ‘मी गॅस बंद केला’ असं म्हण. ‘मी पोराला बाजूला केलं’ असं म्हण. मग त्याची क्षमा माग, आणि मागून झाल्यावर क्षमा मिळाली असं धरून झोप. परत उकरू नकोस.

जमिनीवरचा हक्क सोड असं मी म्हणत नाही. सरकारी मोजणी मागवा, बापाच्या औषधपाण्याचा आणि बागेचा खर्च मांडा, वाटणीपत्र रीतसर नोंदवा. वकील लागला तर तोही करा. जक्कयाच्या घरी प्रभू उतरला तेव्हा जक्कयानंही आकडा बोलून परतफेड कबूल केली. हिशेब चोख ठेवणं पश्चात्तापाच्या आड येत नाही. दादाचं जे चुकलं ते त्याला सांगायचा दिवसही येईल. पहिल्या भेटीत मात्र तू तुझ्यापुरतं बोल. ‘पण तू सुद्धा’ हे शब्द त्या दिवशी तोंडातून काढू नकोस.

तो ऐकेलच असं नाही. कदाचित जमिनीसाठीच आलास असं म्हणेल. म्हणू दे. आणि एवढं केलं की झालं, असंही समजू नकोस. मोजणीच्या दिवशी दोघं बांधावर उभे राहाल तेव्हा तोच राग परत उसळेल. तेव्हा परत देवापुढं जायचं, आणि लागलं तर परत त्याच्यापुढं. रविवारची पापकबुली यासाठी आहे. शनिवारपर्यंतचा राग घेऊन तू तिथं उभा राहिलास, तर ते शब्द तोंडदेखले वाटायचे नाहीत.

उत्तम शुक्रवाराच्या आत पुण्याला जाऊन ये. छाटणीचे मजूर यायच्या आधी तुला दोन दिवस मोकळे मिळतील. बेदाणा तू नेशीलच, पण पिशवी पुढं करून वेळ मारून नेऊ नकोस. आधी बोल, मग पिशवी दे. सूनबाईला बरोबर ने, त्या दिवशी तिलाही फार लागलं होतं. जाताना मिरजेला उतरणार असशील तर आदल्या दिवशी कळव, भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून देईन, दादाकडंही दे. तुम्हा दोघांची नावं रोज पहाटे प्रार्थनेत घेते.

तुझी,
आत्या